डावीकडचं धुकं

१

जमिनीत पाणी कुठं झिरपतंय हे शेखर बांधावरून चालता चालता सांगायचा. अमरावतीत त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान होतं, आणि चांदूर बाजारपासून पार तेल्हाऱ्यापर्यंत ज्यांच्या वावरात त्यानं नळ्या अंथरल्या होत्या, ते सगळे दाब कमी पडला की त्यालाच फोन लावायचे. शेखर यायचा, चप्पल काढून दोन सऱ्या हिंडायचा, एका जागी वाकून माती चिमटीत धरायचा आणि म्हणायचा, "इथं उकरा." उकरलं की तिथंच उंदरानं कुरतडलेली नळी निघायची. "पानी काही हवेत जात नाही भाऊ," हे त्याचं ठेवणीतलं वाक्य.

आणि त्याच शेखरच्या गाडीतलं पाणी हवेत जात होतं.

गाडी जुनीच घेतलेली, चंदेरी रंगाची. इंजिन खणखणीत, एसी असा की बाहेर अकोल्याचं ऊन असलं तरी आत अंगावर काटा यावा. खोड एकच. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी, कूलंट, बाटलीतल्या खालच्या रेघेच्याही खाली जायचं. भरलं की चार-सहा दिवसांत पुन्हा तेच. एका मिस्त्रीनं पाइपांच्या सगळ्या पट्ट्या आवळून दिल्या. दुसऱ्यानं रेडिएटरचं झाकण बदललं, वर "आता पाहा" म्हणाला. शेखरनं पाहिलं. मग त्यानं पाण्याचा पंप बदलून घेतला, तेव्हा दोन दिवस दुकान सोडून गॅरेजच्या बाकड्यावर बसून राहिला. आठवडाही झाला नाही, बाटली पुन्हा कोरडी.

गळतं म्हणावं तर खाली थेंब नाही. त्यानं गाडीखाली खोक्याचे पुठ्ठे अंथरून पाहिले. सकाळी पुठ्ठे खडखडीत. धुराड्यातून पांढरा धूर नाही, ऑइलमध्ये पाणी नाही. रोज कामाला निघण्याआधी बॉनेट उघडायचं, बाटलीकडे बघायचं आणि दिवस नासवून घ्यायचा, असं चाललं होतं.

"गाडी घेतली का म्हैस?" त्याची बायको प्राजक्ता पायरीवरून म्हणाली. "रोज पानी पाजा लागते."

एरवी तो हसला असता. त्या दिवशी त्यानं बॉनेट असं आपटलं की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

२

शेखरच्या आईचे, मनकर्णाबाईंचे डोळे अकोल्याच्या डॉक्टरांकडे दाखवायचे होते. अमरावतीत डॉक्टर नव्हते असं नाही, पण एका डोळ्याचं ऑपरेशन त्यांच्याच हातून झालेलं, आणि बाईंना त्यांचाच हात मानवला होता. गाडीत त्या नेहमी पुढं बसायच्या. मागं बसलं की मळमळायचं.

बडनेरा मागं पडलं तसं त्यांनी नाक वर केलं.

"कोनी पाक करून राहिलं का रे? गोड वास येते."

वास शेखरलाही आला. गुळाच्या पाकाचा म्हणावा तर तसा, पण त्यात काहीतरी शिळं. त्यानं काच खाली केली तर बाहेरून नुसती गरम हवा आली, वास आतलाच होता.

मग त्याचं लक्ष आईकडे गेलं. ती दाराला अगदी खेटून बसली होती. खांदा काचेला, गुडघे आवळलेले, पिशवी मांडीवर. एसटीत तिसरं माणूस आलं की बायका बसतात तशी.

"मोकळी बस ना वं माय. अर्धी सीट रिकामी आहे तुयी."

"बसली तं हावो."

"दाराले काहून चिकटली?"

"इकडंच बरं वाटते," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि पदर आवरून आणखी थोड्या सरकल्या. "खाली ओलं लागते रे पायाले."

मूर्तिजापूरच्या अलीकडे समोरच्या काचेवर धुकं दिसलं. सबंध काचेवर नव्हे, डावीकडे, ताटलीएवढं. आईच्या श्वासाचं असेल म्हणून त्यानं आधी मनावर घेतलं नाही. पण आई तर बाजूच्या खिडकीकडे तोंड करून बसली होती. ते धुकं तिच्यासमोर नव्हतंच. ते तिच्या आणि त्याच्या मधे होतं. विरायचं आणि पुन्हा यायचं.

त्यानं फडक्यानं पुसलं. फडकं तेलकट झालं. बोटाला चिकट लागलं, वास गोड.

आणि एकदम त्याच्या डोक्यात बत्ती पेटली. "माय," तो स्टिअरिंगवर थाप मारून ओरडला, "सापडलं! पानी बाहेर गळतच नाही. आत गळून राहिलं!"

मनकर्णाबाईंनी मान वळवली नाही. "हळू बोल," एवढंच म्हणाल्या.

३

सुगतचं गॅरेज बडनेरा रोडला होतं. तो शेखरचा शाळेतला दोस्त. कामाला चोख, पण तोंडानं फाटका. म्हणूनच शेखर इतके दिवस त्याच्याकडे गेला नव्हता. सुगतनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिली गोष्ट केली ती शिवी हासडण्याची.

"पंप बदलला? पंपाले काय झालतं बे?"

इंजिन पुरतं गार होऊ दिलं. मग सुगतनं रेडिएटरच्या तोंडाला हातपंप बसवला, वर काट्याची तबकडी होती. दाब भरला आणि दोघं काट्याकडे बघत उभे राहिले. आत कुठं फट असेल तर काटा खाली येणार, हे शेखरला सांगायची गरज नव्हती. नळ्या तोही असाच तपासायचा.

काटा खाली आला. पण शेखरच्या ओळखीच्या चालीनं नाही. फटीतून दाब जातो तेव्हा काटा सरळ, सावकाश उतरत राहतो. हा थोडा उतरला आणि थांबला. पुन्हा थोडा उतरला, पुन्हा थांबला.

"घोट घेतल्यावानी करून राहिला," सुगत म्हणाला.

"कचरा असन भोकात. अडकते, सुटते."

"असन."

इंजिनाखाली जमीन कोरडी होती. सुगतनं डावं दार उघडलं, पायाखालचं मॅट काढलं आणि त्याखालचा गालिचा उचकटला. खालचा स्पंज हिरव्या पाण्यानं गच्च फुगला होता. गोड वासानं दोघांनीही तोंड फिरवलं.

"घे तुयं पानी. हीटरचा लहान रेडिएटर असते आत, डॅशबोर्डाखाली. तो फुटला." सुगतनं टॉर्च आणखी खाली धरला. "शेखरभाऊ, माय बूट घालते का?"

"काहून?"

स्पंज दोन ठिकाणी दबलेला होता. शेजारी शेजारी, लांबट, टाचा सीटकडे. मनकर्णाबाईंचा पाय लहान पोरीएवढा. त्या दोन खोलगट जागांत शेखरचे दोन्ही पाय मावले असते आणि वर जागा उरली असती.

"आधीच्या मालकाच्या असतीन," शेखर म्हणाला.

"स्पंज हाय बाप्पा तो. सिमेट नाही." पण सुगतनं पुढं वाद घातला नाही. विदर्भात हीटर लागतो कोणाला? हीटरकडे जाणारे दोन पाइप त्यानं इंजिनाच्या बाजूनंच कापले, एका वाकड्या नळीनं एकमेकांना जोडले, पट्ट्या आवळल्या. हीटरचं पाणी कायमचं बंद. पुन्हा दाब भरला. काटा जागचा हलला नाही. चहा आला, पिऊन झाला, तरी काटा तिथंच.

शेखरनं सुगतला मिठीच मारली. स्पंज काढून उन्हात टाकला, तो पुरता वाळल्यावर परत बसवला. मधे एकदा त्यानं हातानं त्या दोन जागा चेपून सपाट केल्या होत्या.

४

पाणी थांबलं. बाटलीतली रेघ हलेना. शेखर रोज सकाळी बघायचा आणि रोज त्याला नव्यानं बरं वाटायचं. प्राजक्ताला त्यानं बॉनेट उघडून दाखवलंसुद्धा. "पाह्य, म्हैस आटली तुयी."

तेल्हाऱ्याजवळ एकाच्या लिंबाच्या बागेत फिल्टर बसवायचा होता, म्हणून तो एकटाच निघाला. सकाळची वेळ, आकाश स्वच्छ, शेजारच्या सीटवर नळ्यांच्या जोडांचा डबा आणि टेपची गुंडाळी. अकोट सोडलं आणि डाव्या काचेवर ताटलीएवढं धुकं आलं.

त्यानं गाडी बाजूला घेतली. पायाखालचा गालिचा दाबून पाहिला, कोरडा ठणठणीत. बाटली बघितली; रेघेवर. वास नाही. धुकं पुसलं. या वेळी फडकं तेलकट झालं नाही, नुसतं ओलं झालं, साध्या पाण्यानं होतं तसं.

एसीची हवा तिरपी लागत असेल. बाहेर गरम, आत थंड. पण मग उजवीकडे काहून नाही? त्यानं हवेच्या जाळ्या फिरवल्या, एसी बंद केला, काचा उघडल्या. कानात वारं घुसत होतं, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि धुकं डावीकडे येत होतं, जात होतं. शेवटी त्यानं त्याच्याकडे न बघता स्वतःच्या श्वासाकडे लक्ष दिलं. त्याचा श्वास घाईचा होता. धुक्याची लय वेगळी होती, संथ. पोटभर जेवून बसलेल्या माणसाची.

संध्याकाळी तो तडक सुगतकडे गेला.

"पानी कमी झालं का?" सुगतनं विचारलं.

"नाही."

"इंजिन तापलं?"

"नाही ना बे. पण काच—"

"मंग गाडी चांगली आहे. काच फडक्यानं पुसत जा. माया डोक्याले ताप देऊ नको." आणि मग, जरा आवाज उतरवून, हातातल्या पान्याकडे बघत: "मी आतली सगळी वाट बंद केली शेखरभाऊ. तिथं आता पानी जाऊच शकत नाही. तू म्हणतं तर खोलतो सगळं, पण खोलून मी पाहू काय, ते सांग."

शेखर चिडून निघाला. चीड सुगतवरची नव्हती. ज्या गोष्टीला भोक नाही ती बुजवायची कशी, याची होती.

५

डोळ्यांची पुढची तारीख मे महिन्यात आली. शेखरनं एसटीनं जाण्याचा विषय काढला. मनकर्णाबाई म्हणाल्या, "घरी गाडी असून?" आणि पुढं जाऊन बसल्या. दाराला खेटून.

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या झाल्या, बाईंना काळा चष्मा लागला. ऊन सहन होईना, चार हातांवरचं दिसेना. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत असंच राहील. दुपारी ते परत निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर लांबवर पाण्यासारखं चमकायचं, जवळ गेलं की कोरडं.

बोरगाव मंजू गेलं आणि धुकं आलं. ताटलीएवढं, मग परातीएवढं. शेखर एका हातानं पुसत गाडी चालवत होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे ते उजवीकडे पसरायला लागलं आणि त्याला रस्ता दिसेना. त्यानं शिवी घातली, एका कडुनिंबाखाली गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आईला हात धरून खाली उतरवलं. गरम वाऱ्यानं तोंड भाजत होतं.

त्यानं बॉनेट उघडलं. कुठं काही नव्हतं. वाकडी नळी कोरडी, पट्ट्या घट्ट, बाटली रेघेवर. त्यानं प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं. फट मिळाली असती तर त्यानं तिचा मुका घेतला असता. "गळ ना," तो पाइपाला म्हणाला. "एक थेंब तं गळ!"

मनकर्णाबाई त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, त्याचं कोपर धरून.

त्यानं बॉनेट खाली घेतलं.

समोरची काच आतून पांढरी झाली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या उन्हात, एसी बंद, आणि आतल्या हवेत पापड भाजावा असा उकाडा. शेखर बघत राहिला. तेवढ्यात आईच्या सीटसमोर, त्या पांढऱ्यात एक रेघ उमटली. रेघ वळली. सावकाश, गोल, आतून कोणीतरी काच पुसत होतं. बाहेर बघायचं असलं की आपण हाताच्या बाजूनं पुसतो तसं.

वाटीएवढी जागा स्वच्छ झाली. तिच्यामागं काळोख होता, आणि त्या काळोखात काहीतरी काचेच्या जवळ आलं.

शेखरनं नजर वळवली. पुढं आयुष्यभर त्याला वाटत राहिलं की त्यानं वेळेवर वळवली.

कोपरावरचा आईचा हात घट्ट झाला. तिला दिसणं शक्य नव्हतं. "काय होय रे?" असं तिनं विचारायला हवं होतं. तिनं विचारलं नाही.

६

त्यानं चारही दारं उघडली. आत कोणी नव्हतं. नसणारच. त्यानं मोठ्यांदा म्हटलं, "कोनी नाही." काच हळूहळू निवळली, ती पुसलेली वाटोळी जागा मात्र शेवटपर्यंत वेगळी दिसत राहिली. त्यानं सुगतला फोन लावला, तो लागला नाही. येणाऱ्या एका ट्रकला हात केला, तो थांबला नाही. आईचे डोळे गळायला लागले होते, वाऱ्यानं तिचा चेहरा लाल झाला होता. गाडी सोडून जायचं म्हटलं तर तिला घेऊन जायचं कुठं?

"चाल," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी चाचपत मागचं दार धरलं आणि आत बसल्या.

"मागं मळमळते ना तुले?"

"मळमळू दे."

गाडी सुरू झाली आणि डॅशबोर्डावर टुंग-टुंग सुरू झालं. शेजारी बसलेल्यानं पट्टा लावला नाही की वाजतं ते. शेखरनं स्वतःला समजावलं: सीटखाली वायर आहे, एवढे दिवस पाण्यात भिजली, आता गंजली असेल. सरळ गोष्ट. सीटखाली हात घालून जोड ओढला की बंद. तो काही वेळ त्या सीटखालच्या अंधाराकडे तिरक्या नजरेनं बघत गाडी चालवत राहिला. हात घालणं त्याला जमलं नाही.

टुंग-टुंग थांबेना. थोडं अंतर गेलं की आवाज मोठा व्हायचा, जणू गाडीच चिडली आहे. शेवटी त्यानं करकचून ब्रेक मारला, उतरला, वळसा घालून डावं दार उघडलं. रिकाम्या सीटवर पट्टा लावायचा, झालं. कोणीही हेच करतं.

त्यानं पट्टा ओढला. रिकाम्या सीटला जेवढा लागावा तेवढा ओढला, आणि तो खाचेपर्यंत पोचला नाही. त्यानं आणखी ओढला. आईला बांधताना लागायचा त्याहून जास्त. मग त्याहूनही. तोंड दुसरीकडे करून त्यानं तो चाचपत खाचेत घातला. खट् झालं. आवाज थांबला.

मग त्याला बघावंच लागलं.

पट्टा सीटला टेकला नव्हता. वीतभर अंतर सोडून तो हवेत उभा होता, ताठ, पोटावरून गेल्यासारखा गोलाई घेऊन. आणि तो हलत होता. थोडा पुढं येत होता, थोडा मागं जात होता.

शेखरनं दार हळूच लावलं, आत कोणी झोपलेलं असावं तसं.

"आता सावकाश चालव," मागून आई म्हणाली.

७

अमरावतीत पोचेपर्यंत त्यानं डावीकडे मान वळवली नाही. डावीकडचा आरसा बघावा लागू नये म्हणून तो रस्त्याच्या उजव्या कडेनं, बाकीच्या गाडीवाल्यांच्या शिव्या खात गेला. घराशी आल्यावर गाडी फाटकाच्या आत घ्यायची सोडून त्यानं बाहेर रस्त्याला लावली, काचा बंद केल्या, किल्ली फिरवून दारं बंद केली. डाव्या दाराचा पट्टा तसाच होता. तो सोडायचा का, हा प्रश्न त्यानं मनात येऊ दिला नाही. बांधलेलं आहे ना? मग राहू दे बांधलेलं. उद्या गाडी ओढून न्यायला सांगू, भंगारात देऊ. त्याला पहिल्यांदाच काहीतरी उपाय सापडल्यासारखं वाटलं.

प्राजक्तानं आईंना आत नेलं. शेखर पायरीवर बसला. ऊन उतरलं होतं; शेजारच्या घरात कोणीतरी कूलरमध्ये पाणी ओतत होतं.

"काय झालं?" प्राजक्ता बाहेर येऊन म्हणाली. "चेहरा काहून असा केला? पुन्हा पानी संपलं का?"

"नाही," शेखर म्हणाला. "पानी बंदच केलं ना आपण."

बोलल्या शब्दात काहीतरी होतं, ते त्याला नीट धरता येत नव्हतं. कोणाचं बंद केलं?

मागं पावलं वाजली. मनकर्णाबाई भिंतीला हात लावत बाहेर आल्या. काळा चष्मा डोळ्यावर, एका हातात पाण्यानं भरलेला तांब्या, त्यावर पेला पालथा. त्या पायऱ्या उतरल्या. शेखरला वाटलं, ती आपल्यासाठीच आणतेय. त्यानं हातही पुढं केला. बाई त्याच्या बाजूनं निघून गेल्या, फाटकाकडे.

"माय, कुठी जाऊन राहिली?"

"पानी देते."

"कोनाले?"

मनकर्णाबाई थांबल्या. चष्म्यामागं त्यांचे डोळे दिसत नव्हते. "एवढ्या दुरून आपल्यासंगं आलं कोनी," त्या म्हणाल्या, "तं दाराशी पानी नाही विचारत का आपण? किती दिवसाचं तहानलेलं आहे रे ते."

"माय, थांब!" शेखर उठला. बाई फाटकाबाहेर पोचल्या होत्या. त्यांनी गाडीवरून हात फिरवत डावं दार शोधलं, पेल्यात पाणी ओतलं आणि काचेपाशी धरलं.

"घ्या," त्या आदरानं म्हणाल्या. "आपलंच घर आहे."

शेखर फाटकापर्यंत आला तेव्हा बंद गाडीच्या आत, डावीकडे, खट्कन पट्टा सुटला.